शाळा सुरू असताना

शिक्षकांना सुट्ट्या फार, असं जगाचं म्हणणं आहे आणि ते खोटं नाही. पण शिक्षकाला ज्या दिवशी सुट्टी असते नेमक्या त्याच दिवशी मुलांनाही असते, हे जगाच्या लक्षात येत नाही. डॉक्टर गावाला गेला म्हणून त्याचे पेशंट मागोमाग माथेरानला येत नाहीत. बँक बंद म्हणून खातेदार पासबुक घेऊन महाबळेश्वरच्या पॉइंटवर उभे राहत नाहीत. प्राथमिक शाळेतल्या बाईंना मात्र गावाला जायचं तर मे महिना, नाहीतर दिवाळी. त्यातही निवडणुकीची किंवा जनगणनेची ड्यूटी कपाळी आली नाही तर. आणि त्या जिथे जातील तिथे त्यांच्या आधी मुलं पोचलेली असतात.

माझी उभी नोकरी डोंबिवलीच्या एका शाळेत गेली. माथेरानच्या छोट्या गाडीत, गणपतीपुळ्याच्या पुळणीवर, शेगावच्या दर्शनाच्या रांगेत, कुठेही मागून ‘बाई!’ अशी हाक आली की माझे खांदे आजही आपोआप ताठ होतात. हाकेच्या मागे पालक असतात. “बाई, बरं झालं भेटलात. हा घरी ऐकत नाही, इथेही ऐकत नाही. तुम्हीच सांगा जरा.” आणि मी सांगितलेलं आहे. भर सुट्टीत, हातात मक्याचं कणीस, चष्म्यावर धुकं, अशा अवस्थेत मी चिन्मय नावाच्या मुलाला दरीच्या कठड्यापासून चार पावलं मागे घेतलेलं आहे. त्याची आई तेव्हा फोटो काढत होती.

मला मुलं आवडतात. हे वाक्य इथेच लिहून ठेवते, कारण पुढे ते सिद्ध करायची संधी मिळेलसं वाटत नाही.

निवृत्त झाले आणि आयुष्यात पहिल्यांदा सप्टेंबर महिना माझ्या हाती आला. फेब्रुवारी आला. नोव्हेंबरचा दुसरा आठवडा आला. हे दिवस मी तोवर फक्त फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात तारीख घालण्यापुरते पाहिले होते. त्याच सुमारास आमच्या ह्यांनी बोटीचा विषय काढला. हे मूळचे मालवणचे. लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून कोकणबोटीने गावी जायचे, डेकवर वळकट्या पसरून, रत्नागिरी आणि विजयदुर्ग मागे टाकत. त्या प्रवासात अर्धी बोट ओकत असे आणि उरलेली अर्धी भजन म्हणत असे, असं हे डोळे मिटून सांगतात. आता त्यांना पुन्हा एकदा बोटीत बसायचं होतं, पण या खेपेला पलंगावर. वीज मंडळातली नोकरी, त्यामुळे प्रत्येक गोष्टीला अंदाजपत्रक. तेही तयार होतं.

“माझी एकच अट,” मी म्हटलं. “बोटीवर मुलं नकोत.”

हे वाक्य मराठी घरात मोठ्याने बोलता येत नाही, याचा मला अंदाज नव्हता. सोनं विकून कॅसिनोत लावते म्हटलं असतं तरी एवढी शांतता पसरली नसती. न्यू जर्सीहून मुलगी व्हिडिओ कॉलवर होती, ती म्हणाली, “आई, तू शिक्षिका ना? असं काय बोलतेस?” माझ्या जाऊबाईंनी तर मुलं म्हणजे देवाघरची फुलं असल्याचं मला सांगितलं. फुलं आहेत हे मान्यच आहे, पण मी माळीण होते. शेजारच्या वहिनींनी वेगळाच मार्ग सुचवला. म्हणाल्या, “गुडघे दुखतात म्हणून शांत बोट हवीय, असं सांगा. चांगलं दिसतं.” पुढे माझ्या लक्षात आलं की आपल्याकडे मुलांचा गोंगाट नको असलेली माणसं पुष्कळ आहेत, फक्त ती सगळी गुडघ्यांवर ढकलतात.

मी गुडघे मध्ये न आणता थेट एका ट्रॅव्हल कंपनीत गेले. काउंटरवर माझ्या एखाद्या जुन्या बॅचच्या वयाचा मुलगा बसला होता.

“काकू, एकदम फॅमिली क्रूझ आहे. किड्स क्लब, वॉटर स्लाइड, रॉक क्लाइंबिंग, कार्टूनवाले येऊन मुलांशी हात मिळवतात. आणि आई-वडिलांच्या केबिनमध्ये मुलं फ्री! चाइल्ड किती धरू?”

“एकही नाही. आम्ही दोघंच. आणि दुसऱ्यांचीही कमीत कमी असलेली दाखव.”

त्याने स्क्रीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणून विचारलं, “म्हणजे काकू, हनिमून पॅकेज?”

तिथून उठले. गृहपाठ आपणच करायचा असतो, हे मी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेय.

भूगोलात आम्ही शिकवायचो की भरती-ओहोटी चंद्रामुळे येते. पाण्याच्या बाबतीत ते बरोबर आहे. बोटीवरच्या मुलांची भरती मात्र शाळांच्या वेळापत्रकामुळे येते, आणि वेळापत्रक हा माझा प्रांत. जेवणाच्या टेबलावर मी मोठा ड्रॉइंग पेपर पसरला, रंगीत पेन्सिली काढल्या आणि जगातल्या शाळा मांडायला घेतल्या. हे म्हणाले, “पुन्हा शाळेला लागलीस की काय?”

अमेरिकेचं तसं सरळ आहे. मे-जूनमध्ये सुटलेली पोरं सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी येणाऱ्या लेबर डेच्या आसपास वर्गात बसतात. दक्षिणेकडच्या काही राज्यांत तर ऑगस्टच्या सुरुवातीलाच. म्हणून अलास्काची बोट जुलैत भरून वाहते, आणि मेच्या सुरुवातीला किंवा मध्य सप्टेंबरात तीच बोट, तीच हिमनदी, त्याच माणसांना निम्म्या आवाजात पाहायला मिळते. नाताळ, थँक्सगिव्हिंग आणि मार्च-एप्रिलमधला स्प्रिंग ब्रेक या तीन जागी मी लाल फुल्या मारल्या. इंग्लंडात जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात शाळा सुटतात, सप्टेंबरच्या सुरुवातीला भरतात, आणि मध्येच ऑक्टोबरच्या शेवटी आणि फेब्रुवारीत एकेक आठवडा हाफ टर्म नावाची सुट्टी उपटते. पण इंग्रजांबद्दल मला या उद्योगात नव्याने आदर वाटला. तिथे शाळा चालू असताना मुलाला परवानगीशिवाय सहलीला नेलं तर पालकांना दंड होतो. 2024 च्या ऑगस्टपासून तो 80 पाउंड आहे, आणि तोही प्रत्येक पालकाला, प्रत्येक मुलामागे. “बाई, गावची जत्रा होती म्हणून पंधरा दिवस नव्हता आला,” हे वाक्य मी आयुष्यात ज्या ज्या वेळी ऐकलं, त्या त्या वेळी 80 पाउंड घेतले असते तर आज बोट निवडत बसले नसते, विकत घेतली असती.

खरी मेख युरोपात आहे. सगळे सांगतात, सप्टेंबरात भूमध्य समुद्र रिकामा असतो. सांगणाऱ्यांनी इटलीतल्या शाळा पाहिलेल्या नाहीत. त्या जूनच्या सुरुवातीला बंद होतात त्या सप्टेंबरच्या मध्यापर्यंत उघडत नाहीत. तीन महिने! तिथल्या बाईंना नमस्कार करावा की तिथल्या आयांना, याचा निर्णय मला करता आला नाही. जर्मनीने तर कमालच केलीय. रस्त्यावर एकदम गर्दी नको म्हणून प्रत्येक राज्य आपली उन्हाळी सुट्टी वेगवेगळ्या तारखांना देतं, आणि बव्हेरियाची पाळी सगळ्यांच्या शेवटी, सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. म्हणजे ज्या आठवड्यात इंग्रज पोरगं वर्गात पाढे म्हणत असतं, त्या आठवड्यात बव्हेरियातलं पोरगं आपल्या शेजारच्या आरामखुर्चीवर ओली चड्डी वाळत घालत असतं. म्हणून भूमध्यासाठी माझी हिरवी पट्टी सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू होते.

सिंगापूरची बोट आपल्या लोकांची आवडती. व्हिसा सोपा, जेवणात जैनसुद्धा मिळतं. आपल्याकडच्या मे महिन्यात त्या बोटींच्या डेकवर उभं राहिलं तर आपण ठाण्याच्या तलावपाळीवर नाही, हे स्वतःला चिमटा काढून पटवावं लागेल. ते मी टाळणारच होते. सप्टेंबरचा पहिला आठवडा पक्का करत आणला होता, तेवढ्यात दिसलं की सिंगापूरच्या शाळांना नेमकी त्याच सुमारास आठवडाभर सुट्टी असते. जगातल्या सगळ्या शिक्षण खात्यांची एक गुप्त बैठक होत असावी, आणि तिच्या अजेंड्यावर माझं नाव असावं.

वेळापत्रकावर इतका जीव टाकायला नको म्हणून कुणी म्हणेल, मुलांना मुळातच मज्जाव असलेली बोट का घेत नाही? आहेत तशाही. ब्रिटनच्या पी अँड ओ कंपनीच्या ताफ्यात ‘आर्केडिया’ आणि ‘अरोरा’ या दोन बोटींवर 18 वर्षांखालचं कुणी चालत नाही. हीच ती आगबोटींच्या काळात विलायतेची डाक मुंबईला आणणारी कंपनी. व्हायकिंगच्या बोटींवरही 18 ची अट आहे, शिवाय कॅसिनोही नाही. म्हणजे एका दगडात मुलगा आणि जुगारी असे दोन्ही पक्षी. ह्यांनी त्या कंपनीचं भाडं पाहिलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं आणि अंदाजपत्रकाची वही शांतपणे मिटली. व्हर्जिन व्हॉयेजेसच्या बोटींवर मुलं नाहीत पण गोंदवून देणारं दुकान आहे. मोठ्यांसाठीची बोट आणि पोक्तांसाठीची बोट या दोन वेगळ्या गोष्टी असतात, हे तिथे ध्यानात आलं. मुलं नसली की शांतता असते असं धरून चालू नये. पंचविशीतली माणसं रात्री दोन वाजता जो आवाज काढतात, त्याच्यापुढे दुसरी ‘ब’ म्हणजे वाचनालय.

सागा नावाची आणखी एक ब्रिटिश कंपनी आहे, ती पन्नाशीच्या पुढच्यांनाच घेते. सोबतीचा माणूस चाळिशीचा चालतो. ह्यांना हे वाचून गुदगुल्या झाल्या. अभ्यास न करता पास होता येईल अशी ही त्यांच्या आयुष्यातली पहिलीच प्रवेश परीक्षा होती.

शोधता शोधता याच्या अगदी उलट टोकाची बोटही सापडली, आणि तिची हकिकत सांगितल्याशिवाय राहवत नाही. ब्रिटिश इंडिया कंपनी, म्हणजे कलकत्त्यात जन्मलेली आणि आपल्या मुंबईतून आफ्रिकेला बोटी सोडणारी, हिने पुढे काही जुन्या बोटी चक्क शाळांच्या सहलींसाठी काढल्या. वर्ग, वसतिगृहासारख्या खोल्या आणि पटावर शेकडो मुलं. त्यातली ‘युगांडा’ 1982 च्या एप्रिलमध्ये भूमध्य समुद्रात होती, पोटात सुमारे नऊशे विद्यार्थी. फॉकलंडचं युद्ध पेटलं, सरकारचा हुकूम आला, मुलांना नेपल्सला उतरवलं आणि बोट रुग्णालय होऊन युद्धावर गेली. मी गेटवे ऑफ इंडियाच्या जेट्टीवरून घारापुरीला साठ मुलं लाँचमधून नेलेली आहेत. जाताना साठ, येताना एकसष्ट भरली होती. जास्तीचं पोर विरारच्या शाळेचं निघालं. तेव्हा नऊशे मुलं घेऊन निघालेल्या त्या शिक्षकांपुढे ‘मुलांना घरी घेऊन जाता की बोटीबरोबर युद्धावर येता’ असा पर्याय ठेवला असता, तर काहींनी युद्धासाठी हात वर केले असते अशी माझी खात्री आहे.

सगळ्यांना अशा खास बोटी परवडत नाहीत. साध्या बोटीतून मुलं गाळून घ्यायची युक्ती नकाशात असते. प्रत्येक बोटीचा मजलेवार नकाशा मिळतो आणि तो जाहिरातीपेक्षा प्रामाणिक असतो. घसरगुंड्या मोजायच्या. 2024 च्या जानेवारीत सुरू झालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’वर पाण्याच्या सहा घसरगुंड्या आहेत, लहान मुलांच्या कुटुंबांसाठी वेगळा मोहल्ला आहे, मेरी-गो-राउंड आहे, आणि बोट पूर्ण भरली तर सात हजारांवर माणसं मावतात. तिथे शांतता शोधणं म्हणजे दादर स्टेशनात ध्यान लावणं. याउलट नकाशात वाचनालय मोठं, मुलांची खोली कोपऱ्यात आणि तिचं नाव कुणी धड ठेवलेलं नाही, अशी बोट दिसली की समजायचं, आपलं गाव आलं. केबिनमध्ये छतातून खाली येणारे तिसरे-चौथे पलंग किती आहेत तेही पाहावं. पलंगच नाहीत तर मुलं निजवणार कुठे? आणि दोन केबिनच्या मधे दार असलेली खोली कदापि घेऊ नये. ते दार बंद असतं, पण त्यातून सगळं ऐकू येतं. पलीकडे चौघांचं कुटुंब असलं की ते आपलंही होतं.

वयाचा नियमही उपयोगी पडतो. बहुतेक बोटींवर सहा महिन्यांखालचं तान्हं बाळ घेत नाहीत, आणि लागोपाठ बरेच दिवस किनारा न दिसणाऱ्या सफरींवर ही अट वर्षाची होते. म्हणजे जितका समुद्र रुंद, तितकी टॅहँ कमी. शिवाय लांब सफरीला आई-वडिलांची रजाच पुरत नाही. तीन-चार रात्रींची, शनिवार-रविवार धरून निघणारी बोट जगात कुठेही घ्या, तिच्यावर पोरांची आणि पार्टीवाल्यांची झुंबड असणार. दोन आठवड्यांच्या पुढे गेलात की काठ्या दिसायला लागतात. पोहण्याच्या तलावाचा एक नियम वाचून मला फार समाधान वाटलं. लंगोटातल्या बाळांना मोठ्या तलावात मनाई, मग तो लंगोट पाण्यात चालणारा का असेना. कारण एकदा काही झालं की तलाव रिकामा करून धुवावा लागतो आणि सगळे काठावर टॉवेल गुंडाळून एकमेकांकडे संशयाने बघत बसतात. शिशुवर्गाला शिकवलेल्या कुणालाही हे समजावून सांगायला नको.

शेवटी माझ्या ड्रॉइंग पेपरवर असा एक आठवडा ठरला, जेव्हा इंग्लंड, अमेरिका आणि महाराष्ट्र अशा तिन्हीकडे शाळा भरलेल्या होत्या. नोव्हेंबरचा मध्य. हाफ टर्म संपलेली, थँक्सगिव्हिंग यायचं, आणि दिवाळी त्या वर्षी ऑक्टोबरातच आटोपलेली. मुलीकडे न्यू जर्सीला जायचंच होतं, अमेरिका आणि इंग्लंड, दोन्हींचे व्हिसा पासपोर्टवर होते. तेव्हा विमानाने इंग्लंडला उतरून, साउदम्प्टनहून ‘क्वीन मेरी 2’ने सात रात्रींत न्यूयॉर्क. वाटेत एकही बंदर नाही, पोहायला ऊन नाही, घसरगुंडी नाही. कोणता शहाणा बाप पोरांना घेऊन नोव्हेंबरात अटलांटिकवर जाईल? शेजारच्या वहिनींनी ‘टायटॅनिकचाच रस्ता ना तो?’ असं विचारून शुभेच्छा दिल्या.

नोव्हेंबरात तिकीट का परवडतं, ते दुसऱ्या दिवशी दुपारी समजलं. बोट हलायला लागली. फार नाही, पण चहा कपात कधी या अंगाला, कधी त्या अंगाला. कोकणबोटीचा अनुभव सांगणारे आमचे हे आडवे झाले आणि मी आलेपाकाच्या वड्या काढल्या. केबिनची व्यवस्था बघणाऱ्या माणसाने हिरवी सफरचंदं आणून ठेवली. लाटांवर तोच उतारा, असं त्याचं म्हणणं. दोन्ही देशांची औषधं घेऊन हे संध्याकाळी उठून बसले.

मुलं जवळजवळ नव्हतीच. सुरक्षेच्या कवायतीला सगळे जमलो तेव्हा मी सवयीने माणसं मोजली, त्यात शाळकरी वयाचं एकही नाही. ह्यांची मात्र पंचाईत झाली. रेल्वेत, दवाखान्यात, कुठेही लहान मूल दिसलं की त्याच्या कानातून एक रुपयाचं नाणं काढून दाखवणं हा ह्यांचा लौकिक आहे. इथे कान होते, पण सगळे सत्तरीचे आणि निम्म्यात यंत्र. शेवटी त्यांनी बाराव्या डेकवरचा कुत्र्यांचा कोपरा शोधून काढला. या बोटीवर कुत्र्या-मांजरांसाठी वेगळे पिंजरे आहेत, सांभाळायला माणूस आहे, आणि दोन्ही किनाऱ्यांच्या कुत्र्यांची सोय व्हावी म्हणून एक ब्रिटिश दिव्याचा खांब आणि एक न्यूयॉर्कचा आगीचा नळ उभा केलेला आहे. आत फक्त मालकांना सोडतात. हे बाहेर उभे राहून मालकांशी गप्पा मारायचे, आणि रात्री मला कुठल्या कुत्र्याचा स्वभाव कसा आहे ते सांगायचे.

माझा दिवस मात्र असा गेला की पुन्हा सांगताना जीभ हळू चालते. पश्चिमेकडे जाताना घड्याळं मागे करतात, एकदा नाही, पाच वेळा. पाच दिवस पंचवीस तासांचे! शाळेत असताना पस्तीस मिनिटांचा तास संपता संपत नसे; इथे अख्खा तास वरकड मिळत होता आणि त्यात कुणीही ‘बाई, शू’ म्हणत नव्हतं. सातव्या डेकवर बोटीला पूर्ण प्रदक्षिणा घालता येते, ती घालायची. मग पुस्तक घेऊन खिडकीशी. दुपारी पांढरे हातमोजे घातलेले वेटर चहा आणि छोटी सँडविचं घेऊन येतात. साडीचा पदर सावरत मी ती खायची आणि कुणाच्या डब्यात आज काय आहे याची चौकशी न करता खायची. आता अशा लेखात चौथ्या दिवशी बाईंना मुलांची आठवण येऊन घसा दाटून यायला हवा, याची मला कल्पना आहे. नाही आली. पाचव्या दिवशीही वाट पाहिली.

घोळ झाला तो जेवणाच्या टेबलावर. रात्रीच्या जेवणाच्या दोन पंगती असतात, सहाची आणि साडेआठची. मुलंबाळंवाले आणि अमेरिकन लोक सहाला बसतात, हे वाचून मी साडेआठची पंगत घेतली होती. आपल्या वेळेलाही ती बरी. टेबल आठ जणांचं. पहिल्या रात्री ओळखी झाल्या. माझ्या उजवीकडे लीड्सच्या एक बाई, निवृत्त प्राथमिक शिक्षिका. त्यांच्यापलीकडे ओहायोचं जोडपं, तो गणिताचा, ती चित्रकलेची, दोघंही निवृत्त. समोर एक उंच स्कॉटिश गृहस्थ, मुख्याध्यापक होते. त्यांची बायको तेवढी दंतवैद्य, आणि ती सातही रात्री ह्यांच्याशी कुत्र्यांबद्दल बोलली.

विचार केला तर यात आश्चर्य नव्हतं. नोव्हेंबरच्या मध्यावर जग फिरायला कोण निघणार? ज्यांना आयुष्यभर नोव्हेंबरच्या मध्यावर निघता आलं नाही तेच. मी मुलं चुकवत चुकवत जो आठवडा गाठला, तो या सगळ्यांनी आपापल्या जेवणाच्या टेबलांवर असेच कागद पसरून गाठलेला होता. लीड्सच्या बाईंनी तर रंगीत पेन्सिलीसुद्धा वापरल्या होत्या.

आणि पाच निवृत्त मास्तर-बाई एकत्र आल्यावर बोलणार काय? सूप येईपर्यंत हवापाणी झालं. मग मुख्याध्यापक म्हणाले, “माझ्या शाळेत एक मुलगा होता...” झालं. त्या मुलाने शाळेच्या छपरावर मेंढी चढवली होती. ओहायोच्या मास्तरांकडे एक होता, तो तीन वर्षं उत्तरं बरोबर आणि रीत चुकीची लिहायचा. माशाचा पदार्थ येईपर्यंत टेबलावर पंधरा-वीस मुलं जमली होती, गोड येईपर्यंत पट भरला. मीही मागे राहिले नाही. मोडकंतोडकं इंग्रजी पुरे पडलं, कारण अशा गोष्टींत क्रियापदं थोडीच लागतात. चिन्मयची दरी सांगितली. घारापुरीचं एकसष्टावं पोर सांगितलं, त्यावर मुख्याध्यापकांनी टाळी दिली. हे मधेच मराठीत कुजबुजले, “अगं, मुलं नकोत म्हणून इतक्या लांब आलीस ना?” मी म्हटलं, “अहो, ही पोरं टॉवेल मागत नाहीत.”

चौथ्या रात्री, पैठणी नेसून बसले होते तेव्हा, लीड्सच्या बाई आपल्या शेवटच्या वर्गाबद्दल सांगत होत्या. भयंकर वर्ष होतं म्हणाल्या. वर्गात एकतीस मुलं, आणि मदतीला एकच सहायक शिक्षिका. ओहायोच्या बाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. मुख्याध्यापकांनी मान हलवली, तीसच्या वर नेणं हा शिक्षकावर अन्याय आहे म्हणाले. मग सगळे माझ्याकडे वळले. तुमच्याकडे किती असायची?

“अठ्ठ्याहत्तर,” मी म्हटलं. “मदतनीस नव्हती. पावसाळ्यात शेजारच्या वर्गाचं छत गळायचं, तेव्हा त्यांचीही माझ्याच वर्गात बसायची.”

काटे-चमचे खाली ठेवल्याचा आवाज आला. ओहायोच्या गणिताच्या मास्तरांनी ओठांतल्या ओठांत काहीतरी बेरीज केली, मग ती पुन्हा केली. स्कॉटिश मुख्याध्यापक अर्धवट उठले, माझ्याकडे पाहून किंचित वाकले आणि बसले. त्या रात्रीपासून आमच्या टेबलावर ब्रेडची टोपली आली की ती आधी माझ्यासमोर ठेवायची, असं वेटरला सांगण्यात आलं.